झाडाखालचा पाला पेटवण्याआधी एकदा हातात घेऊन बघा

पानगळ सुरू झाली की शेतातल्या झाडांखाली घोटा बुडेल एवढा पाचोळा साचतो आणि मग तो एकदम कचरा वाटायला लागतो. दाताळ्याने ओढून एका कोपऱ्यात ढीग, वर काडी, अर्ध्या तासात जागा साफ. मला हे बघवत नाही, खरंच सांगते, कारण त्या अर्ध्या तासात पानांमधला जवळजवळ सगळा नत्र (नायट्रोजन) हवेत जातो, गंधकही बराचसा जातो, कर्ब (कार्बन) तर जातोच. राखेत उरतं ते पालाश (पोटॅशियम), कॅल्शियम आणि थोडं स्फुरद (फॉस्फरस), आणि ती राखसुद्धा जोराचा वारा आला नाहीतर सर आली की वाहून जाते. झाडाने वर्षभर मुळांनी ओढून वर नेलेलं जे काही होतं ते खाली परत येत होतं आणि आपण मधेच अडवलं असा हा प्रकार आहे.

पण नुसतं "जाळू नका, जमिनीत घाला" एवढं सांगून भागत नाही. पाला जमिनीत घालून पीक पिवळं पडलेलं मी स्वतः बघितलंय, माझ्याच शेतात. त्यामुळे कुठला पाला कुठे घालायचा, कधी घालायचा आणि घातल्यावर काय अपेक्षा ठेवायची हे जरा नीट सांगते.

आधी झाडाखाली बसा

कुठलंही जुनं झाड घ्या ज्याच्या खालचा पाला दोन तीन वर्षं कोणी झाडलेला नाही. तिथे उकिडवं बसून हाताने वरचा थर बाजूला करा. सगळ्यात वर कोरडी, कुरकुरीत, अख्खी पानं असतात, यंदाची. त्याखाली दमट आणि काळपट पडलेली, एकमेकांना चिकटलेली, दोन पानं वेगळी करायला गेलात की मधे पांढरे धागे ताणले जातात, ती बुरशी. अजून खाली गेलात की पान असं उरलेलंच नसतं, नुसती शिरांची जाळी, उजेडात धरली तर आरपार दिसतं, मधला मऊ भाग कोणीतरी खाऊन टाकलेला आणि शिरा कडक म्हणून मागे राहिलेल्या. आणि त्याखाली भिजलेल्या लाकडाच्या भुशासारखा काळा भुसभुशीत थर, ज्यात कुठलं पान कुठल्या झाडाचं हे ओळखता येत नाही, आणि तो नाकाजवळ नेला की पहिल्या पावसाचा वास येतो. तो वास ॲक्टिनोमायसिट्स नावाचे जिवाणू बनवतात त्या जिओस्मिनचा असतो. हा वास आला म्हणजे काम व्यवस्थित चालू आहे. आंबूस किंवा सडका वास आला तर तिथे हवा पोचत नाहीये, पाणी साचलंय.

म्हणजे पान कुजण्याचे सगळे टप्पे एका वीतभर खोलीत तुम्हाला बघायला मिळतात, वेगळं शिकायला कुठे जायची गरज नाही. आणि हलणाऱ्या गोष्टीपण दिसतील, वाणी (काहीजण पैसा म्हणतात तो किडा), पांढरे उड्या मारणारे एकदम बारीक जीव, गांडुळं, कुठे वाळवी. हे सगळे पान खातात पण त्यांचं खरं काम म्हणजे पानाचे तुकडे करणं. अख्ख्या पानाला वरून मेणाचा थर असतो, बुरशीला आणि जिवाणूंना आत शिरायला जागा नसते, आणि यांनी चावून बारीक केलं की मग सगळ्या बाजूंनी काम सुरू होतं. ज्या शेतात जमिनीवर विषारी फवारण्या सतत होतात तिथे पाला महिनोन् महिने तसाच पडून राहतो त्याचं एक मोठं कारण हेच, तोडणारेच उरलेले नसतात.

झाड पानं टाकायच्या आधी त्यातलं काढून घेतं

ही गोष्ट कळल्यावर माझा पाल्याकडे बघायचा दृष्टिकोन बदलला. पान पिवळं पडतं ते नुसतं म्हातारं झालं म्हणून नाही, झाड त्यातला हिरवा रंग आणि प्रथिनं मोडून प्रथिनांमधला नत्र परत खोडात आणि फांद्यांमध्ये ओढून घेत असतं. ढोबळमानाने पानातला निम्मा नत्र आणि निम्मं स्फुरद, कधी त्याहून जास्तच, पान गळायच्या आधी झाड परत घेतं. पालाशसुद्धा बराचसा घेतं. कॅल्शियम मात्र एकदा पानात गेलं की परत फिरत नाही, ते पेशींच्या भिंतीत बसलेलं असतं, म्हणून गळालेल्या पानात कॅल्शियम भरपूर आणि नत्र कमी.

याचा सरळ अर्थ असा की हिरवा तोडलेला पाला आणि आपोआप गळालेला पाचोळा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, झाड एकच असलं तरी. गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) किंवा सुबाभळीची हिरवी कोवळी पानं वाळवून तपासली तर त्यात साधारण ३ ते ४ टक्के नत्र निघतो. आंब्याची किंवा सागाची गळालेली वाळकी पानं घेतली तर तो १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. दोघांना एकाच खड्ड्यात एकाच हिशोबाने टाकून कसं चालेल?

काय आधी सुटतं, काय नंतर

एक सोपा प्रयोग. बादलीत वाळका पाला टाका, पाण्यात बुडवा, दुसऱ्या दिवशी बघा. पाणी तांबूस तपकिरी झालेलं असतं. त्यात विरघळणारी साखरेसारखी द्रव्यं आहेत, टॅनिन म्हणजे तुरट द्रव्य आहे, आणि पालाश आहे. पालाश पानात कुठल्याही रेणूला बांधलेलं नसतं, ते पेशीतल्या पाण्यात मोकळं असतं, त्यामुळे ते सुटायला ना बुरशी लागते ना जिवाणू, नुसतं पाणी लागतं. पाऊस पडला की काही आठवड्यांत पाल्यातलं बहुतेक पालाश खाली उतरतं. म्हणूनच पाल्याचा ढीग उघड्यावर पावसात ठेवला आणि खालून पाणी वाहून गेलं तर पालाश गेलं समजा, ढिगाखालची जमीन सोडून बाकी कोणाला ते मिळत नाही. ढिगावर काहीतरी झाकण हवं ते या एवढ्याचसाठी.

नत्र आणि स्फुरदाचं तसं नाही. नत्र प्रथिनांमध्ये अडकलेला, स्फुरद पेशींच्या आतल्या घटकांमध्ये, ते मोडायला सूक्ष्मजीवच लागतात, त्यामुळे त्यांचं सुटणं ऊब आणि ओलावा या दोघांवर अवलंबून. थंडी असेल किंवा जमीन कोरडी ठक्क असेल तर काम थांबतं, ओल आली की परत सुरू. तापमान १० अंशाने वाढलं की कुजण्याचा वेग साधारण दुपटीच्या आसपास जातो, अर्थात ओल असेल तर. कॅल्शियम सगळ्यात शेवटी, पेशीभित्ती मोडेल तेव्हा.

आणि कर्ब? पानातला बराचसा कर्ब सूक्ष्मजीव श्वासावाटे हवेत सोडतात, थोडाच भाग जमिनीत टिकाऊ स्वरूपात राहतो. म्हणून एका वर्षी पाला घातला आणि माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब वाढला नाही म्हणून नाराज होऊ नका, तो आकडा हलायला वर्षं लागतात. जमिनीचा पोत, पाणी धरून ठेवणं, वाफसा (मशागतीला योग्य ओल) लवकर येणं हे मात्र त्याच्या खूप आधी हाताला जाणवतं.

पीक पिवळं का पडलं

आता माझ्या चुकीबद्दल. एका वर्षी ढीगभर वाळका पाला होता, पेरणीच्या चार दिवस आधी तो सगळा मातीत मिसळला, छान काळी जमीन होईल म्हणून. पेरलं, उगवलं छान, आणि तीन आठवड्यांनी पूर्ण पट्टा पिवळा, बाजूच्या पट्ट्यात जिथे पाला घातलाच नव्हता तिथलं पीक मस्त हिरवंगार. मला वाटलं रोग आला. रोग नव्हता.

झालं असं की सूक्ष्मजीवांच्या शरीरात ८ भाग कर्बाला १ भाग नत्र असतो. खाल्लेल्या कर्बातला मोठा भाग ते ऊर्जेसाठी जाळतात, म्हणून त्यांना खायला साधारण २४ भाग कर्बाला १ भाग नत्र असं अन्न लागतं. गिरिपुष्पाच्या हिरव्या पाल्यात हे प्रमाण साधारण १२ ते १५ ला १, म्हणजे नत्र त्यांच्या गरजेपेक्षा जास्त, जास्तीचा ते सोडून देतात आणि पिकाला मिळतो. माझ्या वाळक्या पाल्यात ते ५० ला १ च्या वरच असणार. मग त्यांना नत्र कमी पडला की ते काय करतात, जमिनीतला उचलतात. पिकाच्या मुळापेक्षा ते त्यात जास्त पटाईत आहेत. तो नत्र हरवत नाही, त्यांच्या शरीरात अडकतो, ते मेले की परत येतो, पण तोपर्यंत पिकाचा वाढीचा काळ निघून जातो. त्या पट्ट्यात पुढच्या हंगामात पीक उलट बरं आलं, तेव्हा मला हे पटलं.

लक्षात ठेवायला सोपं, कर्ब नत्राचं प्रमाण २५ च्या खाली असेल तर पाला लगेच देतो, ३० च्या वर असेल तर आधी घेतो आणि मग देतो. आणि अजून एक, हा त्रास पाला मातीत *मिसळला* की होतो. तोच पाला वर पसरून ठेवला तर त्याचा मातीशी संबंध फक्त खालच्या पातळ थरापुरता येतो, मुळांच्या भागातला नत्र फारसा ओढला जात नाही. त्यामुळे वाळका कडक पाला हा वर अंथरायचा माल आहे, पुरायचा नाही.

पानाची परीक्षा, लॅबशिवाय

संशोधकांनी यासाठी आकडे ठरवलेत, नत्र २.५ टक्क्यांच्या वर आहे का, लिग्निन म्हणजे पानाला कडक करणारा, हळू कुजणारा लाकडासारखा भाग १५ टक्क्यांच्या खाली आहे का आणि पॉलिफेनॉल म्हणजे टॅनिनच्या जातीची द्रव्यं ४ टक्क्यांच्या खाली आहेत का. हे तिन्ही जुळलं तर पाला थेट खत म्हणून वापरता येतो. पण शेतात उभं राहून टक्के कोण मोजणार, म्हणून त्याच्या खुणा बघायच्या.

पहिली खूण रंग. पान हिरवं असताना तोडलंय की पिवळं, तपकिरी होऊन गळालंय. हिरवं म्हणजे नत्र अजून आत आहे. दुसरी, वाळलेलं पान तळहातावर घेऊन चुरगळा. चुरा होऊन पावडर झाली तर लिग्निन कमी, लवकर कुजेल. चामड्यासारखं वाकलं, फाटलं पण चुरा झालाच नाही, शिरांचे दोरे हातात राहिले तर लिग्निन जास्त, वेळ लागणार. तिसरी खूण जिभेची, हिरव्या पानाचा छोटा तुकडा चावून लगेच थुंकून टाकायचा, तोंड कोरडं पडून जीभ ओढल्यासारखी झाली की टॅनिन भरपूर आहे, आणि टॅनिन प्रथिनांना घट्ट धरून ठेवतं त्यामुळे नत्र असूनही तो हळू सुटतो. ही तिसरी परीक्षा फक्त ओळखीच्या, खात्रीच्या झाडावरच करा हं, कण्हेर, रुई, एरंड असली विषारी झाडं किंवा ज्यातून पांढरा चीक येतो असं काहीही तोंडात घालायचं नाही, फवारणी झालेलं पान तर अजिबात नाही. शंका असेल तर ही परीक्षा सोडून द्या, पहिल्या दोन पुरतात.

आता निर्णय. हिरवं, चुरा होणारं, जीभ न ओढणारं पान असेल तर पेरणीच्या जवळपास मातीत मिसळा, ते लगेच कामाला लागतं. हिरवं आहे पण चामड्यासारखं किंवा तुरट आहे, तर ते एकटं घालू नका, चांगल्या पाल्याबरोबर किंवा थोड्या खताबरोबर मिसळून घाला. गळालेलं पण मऊ, चुरा होणारं पान असेल तर ते ढिगात कुजवा किंवा खताच्या जोडीने वापरा. आणि गळालेलं, कडक, दोरेवालं पान असेल तर ते आच्छादनासाठी, बास, त्याच्याकडून दुसरी कुठली अपेक्षा ठेवू नका, पण आच्छादन म्हणून त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही कारण ते टिकतं.

हिरवा पाला छाटून घालताना

इथे सगळा खेळ वेळेचा आहे. गिरिपुष्पाचा कोवळा पाला ओल्या उबदार जमिनीत घातला तर महिन्याभरात निम्म्याहून जास्त कुजतो. म्हणजे तुम्ही पेरणीच्या दोन महिने आधी पावसात पाला घातलात तर नत्र सुटून, त्याचं नायट्रेट म्हणजे पाण्यात विरघळणारं रूप होऊन, पाण्याबरोबर खाली निघून जाईल आणि पीक उगवेल तेव्हा हात चाटत बसेल. अशा मऊ पाल्याची छाटणी पेरणीच्या वेळेला किंवा पीक तीन चार आठवड्यांचं झाल्यावर, जेव्हा त्याची भूक वाढते तेव्हा करा.

अंगठ्याएवढ्या जाड काड्या वेगळ्या करा, पानं आणि कोवळ्या डहाळ्या तेवढ्या घ्या. सरीत पसरून वर दोन तीन बोटं माती ओढा. उघडा ठेवलात तर एवढ्या नत्राच्या पाल्यातून थोडा नत्र अमोनिया होऊन उडून जातो, मातीने झाकला की तो बराच वाचतो. छाटलेल्या दिवशीच घाला, ढीग लावून दोन दिवस ठेवला की आतून तापतो, आणि मग जे जायचं ते जातं.

निसर्गात या वेळेचं फार सुंदर उदाहरण आहे, आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यापासून झांबिया मलावीपर्यंत शेतात उभं असणारं फायधर्बिया अल्बिडा नावाचं बाभळीच्या नात्यातलं झाड. ते उलटं वागतं, कोरड्या दिवसांत हिरवंगार असतं आणि पावसाच्या तोंडावर पानं टाकतं. म्हणजे पीक पेरायच्या वेळेला खाली पाला तयार आणि वर सावली नाही. आपल्या झाडांना हे जमत नाही म्हणून आपल्याला कोयता घेऊन वेळ साधावी लागते.

वाळका पाला अंथरताना

जमीन आधी ओली करून घ्या. कोरड्या जमिनीवर जाड थर टाकला तर हलका पाऊस वरच्या वरच पाल्यात अडकतो आणि माती कोरडीच राहते, मी हे बघितलंय, वरून ओलंचिंब आणि खाली बोट घातलं तर भुकटी. दबल्यावर ५ ते १० सेंटिमीटर थर राहील एवढा पाला टाका, टाकताना तो दुप्पट दिसेल, दोन पावसात बसतो. खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवा कारण बुंध्याला सतत ओला पाला टेकून राहिला की साल सडते, किडे उंदीर आसरा घेतात. रुंद चिवट पानं असतील तर ती एकावर एक बसून छपरासारखी होतात आणि पाणी घसरून जातं, अशी पानं आधी तुडवून, कोयत्याने चिरून किंवा बारीक पानांबरोबर मिसळून टाका. वारा जास्त असेल तर वर चार काटक्या किंवा माती शिंपडा.

बारीक बियांची ओळीत पेरणी असेल तर ओळीवरून पाला बाजूला करा, रोप बोटभर झालं की परत ओढून घ्या.

आणि रोगट पाला. ज्या फळझाडाच्या पानांवर डाग, बुरशी आहे त्याचा पाला त्याच झाडाखाली अंथरू नका. सफरचंदाच्या खवड्या रोगाची बुरशी तर गळालेल्या पानातच हिवाळा काढते आणि पुढच्या मोसमात तिथूनच वर उडते. असा पाला गरम ढिगात कुजवा किंवा अगदी वेगळ्या पिकाला घाला.

ढीग लावायचा तर

दोन रस्ते आहेत. घाई नसेल तर नुसता पाला ओला करून जाळीच्या कुंपणात किंवा खड्ड्यात दाबून भरा, वरून झाका, ओल टिकवा, आणि विसरून जा. मऊ पानांना ६ ते १२ महिने, कडक पानांना दोन वर्षंसुद्धा लागतात. यात बुरशी काम करते, ढीग तापत नाही, हाताला जे लागतं ते रोपवाटिकेसाठी उत्तम.

घाई असेल तर नत्र वाढवावा लागतो. हिशोब असा, १०० किलो वाळक्या पाल्यात साधारण ४५ किलो कर्ब आणि समजा ०.८ किलो नत्र. ४५ ला ०.८ ने भागलं की ५६. हे आपल्याला ३० वर आणायचंय, म्हणजे नत्र दीड किलो पाहिजे, कमी पडतो ०.७ किलो. युरियात ४६ टक्के नत्र असतो तर साधारण दीड किलो युरिया पाण्यात विरघळवून थराथरावर शिंपडला की झालं. युरिया वापरायचा नसेल तर हिरवा पाला, ताजं गवत, शेणकाला घाला, पण मग ते बऱ्यापैकी जास्त लागतं, ढिगाचा तिसरा हिस्सा तरी. ढीग निदान एक मीटर लांब, रुंद, उंच हवा, छोट्या ढिगात उष्णता टिकत नाही. आत ५५ ते ६५ अंश आलं की काम नीट चाललंय. ओल बघायला मूठ दाबा, बोटांच्या फटीत पाणी चमकावं पण टपकू नये. टपकलं तर कोरडा पाला मिसळा, मूठ उघडल्यावर गोळा फुटून गेला तर पाणी मारा. दोन तीन आठवड्यांनी एकदा पलटा, हवा गेली की परत तापतो.

काही झाडांबद्दल

निलगिरीच्या पाल्यात तेल आणि फेनॉल असतात, ताजा पाला उगवणाऱ्या बियांना मारक ठरतो, तो आधी कुजवून मगच पिकात. सुरूचा पाला पण हळू कुजतो, पायवाटेवर आणि मोठ्या झाडांखाली बरा, गंमत म्हणजे सुरू शेंगवर्गीय नसूनही हवेतला नत्र धरतो, मुळांवरच्या फ्रँकिया नावाच्या जिवाणूंमुळे. उलट काशीद शेंगवर्गीय आहे पण त्याच्या मुळांवर हवेतला नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या गाठी येत नाहीत, म्हणजे त्याच्या पाल्यातला नत्र हवेतला नाही, तुमच्याच जमिनीतला आहे. शेंगा दिसल्या म्हणजे नत्र फुकट मिळाला असं धरून चालू नका.

यातूनच एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. झाड हवेतून नत्र आणू शकतं, स्फुरद आणि पालाश मात्र बनवू शकत नाही. ते खोलवर गेलेल्या मुळांनी खालून वर आणतं, पिकाच्या मुळांखाली निसटलेलं नायट्रेट पकडतं, हे सगळं खरं, पण ज्या जमिनीत खालीच स्फुरद नाही तिथे पाल्यातही नसणार. आणि बांधावरच्या झाडाचा पाला तुम्ही पिकात नेलात तर झाडाखालची जमीन तेवढी रिकामी होते. मध्य युरोपात पूर्वी लोक जंगलातला पाला ओढून गोठ्यात अंथरायला न्यायचे, जर्मन संशोधक एबरमायर यांनी १८७६ मध्ये याचे आकडे मांडून दाखवलं की त्यामुळे जंगलाचीच जमीन खंगते. म्हणून मी झाडाखालचा सगळा पाला कधीच उचलत नाही, तळाचा काळा थर आणि त्यावरचा दमट थर तसाच ठेवते, वरचा कोरडा तेवढा घेते, तोही एक वर्षाआड.

किती मिळतं ते स्वतः मोजा

झाडाच्या पसाऱ्याखाली १ मीटर बाय १ मीटर जाळी चार काठ्यांना बांधून ठेवा, जमिनीपासून गुडघाभर उंच, पानगळीभर दर पंधरवड्याला पाला काढून वाळवून वजन करा. समजा मोसमात अर्धा किलो जमला आणि झाडाचा पसारा ४ मीटर त्रिज्येचा म्हणजे साधारण ५० चौरस मीटर आहे, तर २५ किलो वाळका पाला. १ टक्का नत्र धरला तर २५० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोहून थोड्या जास्त युरियाएवढा, आणि तोही एका वर्षात सगळा सुटणार नाही. कॅल्शियम दीड टक्का धरलं तर पावणेचारशे ग्रॅम. स्फुरद अगदी थोडं, वीस पंचवीस ग्रॅमच्या आत बाहेर. हे आकडे बघून कोणाला वाटेल एवढंच? पण हे दरवर्षी येतं, शिवाय पाला ओल धरतो, ऊन अडवतो, पावसाचा मार झेलतो, गांडुळांना खायला घालतो, ते कुठल्या गोणीत मिळत नाही. आणि पीक पूर्ण पाल्यावर काढायचं ठरवत असाल तर आधी हा हिशोब करा, झाडं पुरेशी आहेत का ते कळेल.

कुजायला किती वेळ लागतो तेही घरी मोजता येतं. साधारण २ मिलिमीटर भोकाच्या नायलॉन जाळीच्या वीतभर पिशव्या शिवा, प्रत्येकीत २० ग्रॅम वाळका पाला भरा, अशा दहा, आणि झाडाखाली पाल्याच्या थरात ठेवून खुंटीला बांधा. १५ दिवस, १ महिना, २, ४ आणि ६ महिन्यांनी दोन दोन काढा, माती हलक्या हाताने झटका, वाळवा, वजन करा. ऑल्सन या शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये मांडलं होतं की कुजणं एका ठरावीक दराने होतं, जेवढं उरलंय त्याच्या प्रमाणात. म्हणजे २० चे १० व्हायला दोन महिने लागले तर पुढच्या दोन महिन्यांत अजून १० जाणार नाहीत, साधारण ५ जातील, आणि शेवटी तर अजून हळू कारण तेव्हा मुख्यतः लिग्निन उरलेलं असतं. चार पिशव्या जास्तीच्या मोठ्या भोकाच्या जाळीच्या करून बघा, गांडूळ आणि वाणी शिरू शकतील अशा. बारीक जाळीत २ महिन्यांनी जेवढं उरलं आणि मोठ्या जाळीत जेवढं उरलं त्यातला फरक म्हणजे तुमच्या जमिनीतल्या त्या जीवांनी केलेलं काम, आणि तो फरक जवळजवळ शून्य आला तर समजा की जमिनीत जीव कमी आहेत, तिथे पाला जाड टाकण्याआधी थोडा जुन्या झाडाखालचा तो काळा दमट थर दोन घमेली आणून पसरा.

दुसऱ्या वर्षी पिशव्या अर्ध्या सावलीत आणि अर्ध्या उघड्या रानात ठेवा. एकाच पाल्याला दोन जागी किती वेगळा वेळ लागतो ते दिसलं की ढीग कुठे लावायचा आणि छाटणी पेरणीच्या किती दिवस आधी करायची हे तुमच्या रानाप्रमाणे ठरवता येतं.